उजवी बाजू मानाची

१२ जानेवारी

चिरंजीव भिंगरी हिला काकाचा एक आशीर्वाद. (एरवी अनेक देतो. बाकीचे राखून ठेवलेत, काम झालं की मिळतील.)

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी पाठवलं असतं तर अक्षर ओळखलं गेलं असतं, आणि मग तुला उगाच खोटं बोलावं लागलं असतं. फोन करत नाही, कारण मला ऐकू कमी येतं म्हणून मी ओरडून बोलतो. मी इथून ओरडलो की तुझ्या घरातल्या त्या गृहस्थाला फोनशिवायही ऐकू जाईल.

तर काम असं. तू म्हणे दुकानांची पानं करतेस, कॉम्प्युटरवर दिसणारी. आपल्या खुर्च्या-बाकांच्या दुकानाचं एक करून दे. सध्या दुकानात मी आणि लाकडाचा भुसा, एवढेच दोघं राहतो. गिऱ्हाईक येतं, खुर्चीच्या सांगाड्यावरून हात फिरवतं, वा वा करतं आणि विचारतं, गादी कोण करतं? मी म्हणतो, गादीवाला बाहेरगावी गेलाय. तीन वर्षं झाली हेच सांगतोय. मग ते जातं ते परत तोंड दाखवत नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला दुकानाची जागा मागतोय. त्याला म्हटलं, मार्चअखेरपर्यंत थांब. तोवर काही झालं तर ठीक, नाहीतर रंधा तेल लावून गुंडाळून ठेवीन आणि घरी माशा मारत बसेन. सडाफटिंग माणूस मी, मला कोण विचारणार आहे.

पानावर दुकानाचं नाव मधोमध घाल. त्याखाली माझा फोटो, तोही मधोमध. दुसऱ्या कोणाचा फोटो नको. ज्याला सोफ्याच्या पाठीवर एक बटण मधोमध लावता आलं नाही, त्याचं पानावर काही काम नाही.

तुझा काका

ता. क. तो नीट जेवतो ना? सहज विचारलं.


१९ जानेवारी

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. ऑफिसात लोटांगण घातलं तर लोक पाणी मारतील, म्हणून खुर्चीतूनच घालते.

पान करायला घेतलं आहे. पण तुम्ही जो शब्द सहज लिहून गेलात, मधोमध, त्याने आमच्या धंद्यातल्या भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलंय. पानावरची प्रत्येक गोष्ट एका खोक्यात असते, ते खोकं आणखी मोठ्या खोक्यात. मी दुकानाच्या नावाला सांगितलं, मधोमध बस. ते जागचं हललं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. दुपारभर डोकं फोडल्यावर कळलं, की त्याचं खोकं त्याच्याच मापाचं होतं आणि ते खोकंच मुळात डाव्या भिंतीला टेकून बसलं होतं. नाव आपल्या खोक्यात अगदी मधोमध होतं, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मग खोकं रुंद केलं. आडवं जमलं, तर उभं जमेना. वर-खालचा मध्य काढायला उंची ठाऊक हवी, आणि पानाला उंची नसते. जेवढं लिहाल तेवढं ते खाली वाढत जातं. तळ नसलेल्या विहिरीत मध्यावर उभं राहा म्हटल्यासारखं झालं.

तुमचं आणि बाबांचं भांडण मला या खोक्यांवरून नव्याने कळलं. बाबा म्हणतात बटण गादीच्या मधोमध होतं. तुम्ही म्हणता ते पाठीच्या मधोमध नव्हतं. दोघंही खरं बोलता. गिऱ्हाईक मात्र तो सोफा घेऊन खुशीत गेलं, त्याने बटणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि दोन सख्खे भाऊ तीन वर्षं एकमेकांचं नाव घेत नाहीत!

बाबा जेवतात. पण माझ्या घरातली एकही उशी त्यांनी उसवून पुन्हा भरल्याशिवाय सोडलेली नाही. शेजारणीच्या मोटारीच्या सीटा झाल्या. परवा दंतवैद्याकडे नेलं, तर दात दाखवायचे सोडून त्याच्या खुर्चीच्या गादीत बोट खुपसून म्हणाले, ‘हिच्यात जीव नाही राहिला.’ आणि उसवायला काही उरलं नाही की खिडकीशी बसून पडद्याचं कापड बोटांनी चाचपत राहतात. आई गेल्यावर त्यांना दुकानानेच धरून ठेवलं होतं. मला ते बघवत नाही, काका. हे सहज नाही लिहिलं.

तुमची भिंगरी


२८ जानेवारी

भिंगरी,

शेजारच्या झेरॉक्सवालीने तुझं पान कागदावर छापून दिलं. मी ते फळीवर चिकटवून टेप लावली. नाव दोन बोटं उजवीकडे आहे! उजवीकडचा मजकूर तर अर्धवट तुटलाय. ‘मजबूत बाक’ मधला बाक गायब, नुसतं मजबूत. गिऱ्हाईकाने काय समजायचं, काय मजबूत? शिवाय सगळं पान उताराला लागल्यासारखं तिरकं आहे. काटकोनाचा गुण्या लावून बघितलं. सूतभर म्हणशील तर तेही नाही, चांगलं अंगठाभर तिरकं.

हेच शिकलीस ना तू? मी असला दरवाजा बसवला असता तर घरमालकाने मला त्याच दारातून बाहेर काढलं असतं. कागदावर पेन्सिलने खुणा करून सोबत पाठवतोय. खुणांप्रमाणे सरकवून घे.

माझ्या फोटोत माझ्यामागे जी खुर्ची आहे ती बिनगादीची आहे, हे त्याच्या लक्षात येईल असं काही दाखवू नकोस. म्हणजे दाखवूच नकोस त्याला. दाखवलंस तर काय म्हणाला ते मला कळवायची गरज नाही. कळवलंस तर वाचीन.

काका


५ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी तुमच्याकडूनच शिकले. अहो, कागद म्हणजे पान नव्हे! पान कॉम्प्युटरच्या पडद्यावर असतं. पडदा रुंद तर ते रुंद, अरुंद तर अरुंद. तुमच्या झेरॉक्सवालीने कागद यंत्रात तिरका सारला, म्हणून पान तिरकं आलं, आणि कागद पडद्यापेक्षा लहान, म्हणून उजवीकडचा बाक कापला गेला आणि नाव मध्यापासून सरकलेलं दिसलं. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा पाहून मी आधी खरंच दोन बोटं सरकवलं, आणि माझ्या पडद्यावरचं चांगलं सरळ नाव डावीकडे जाऊन बसलं. साहेब मागून म्हणाले, हे काय, नावाला कोणी धक्का मारला का? आता पुन्हा जागेवर आणलंय.

आता दुसरी बातमी. बाबांनी पान पाहिलं. मी दाखवलं नाही. मी पाणी प्यायला उठले आणि पडदा उघडा राहिला. (मला दोन वेळा तहान लागली.) परत आले तर बाबा नाक पडद्याला लावून उभे. आधी तुमच्या फोटोकडे बघून म्हणाले, ‘वाळलाय.’ मग मागची खुर्ची दिसली. ‘ही काय अशी उघडीबोडकी उभी केलीय चारचौघांत? लाज नाही वाटत?’ मला वाटलं आता चिडून निघून जातील. तर खुर्ची ओढून बसलेच. म्हणाले, अर्धं दुकान माझं आहे, अर्धं पान माझं. माझाही फोटो पाहिजे. तुझ्या काकाएवढाच, आणि त्याच्याच रांगेत.

मी काय करू? वडील आहेत. शिवाय हिशोबाने बरोबर आहेत.

भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

अर्धं पान! दुकान सोडून गेला तेव्हा अर्धा भुसा नेला होता का त्याने? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हे.

झेरॉक्सवालीला विचारलं. ती म्हणाली, ‘द्या ना काका, दोघं शेजारी शेजारी छान दिसाल.’ तिला काय जातंय. पण उद्या लोक म्हणतील, थोरल्याने धाकट्याचा हक्क मारला. म्हणून परवानगी देतो. अटी अशा:

त्याचा फोटो माझ्यापेक्षा केसभरही मोठा नको. त्याच्याखाली मजकूर माझ्याएवढाच. (त्याला फार बोलायची सवय आहे, मजकूर कापावा लागला तर मागचापुढचा विचार करू नकोस.) आणि मी उजवीकडे. उजवी बाजू मानाची असते, कुठल्याही सभेचा फोटो बघ. तो डावीकडे. हे त्याला मान्य नसेल तर पान रद्द आणि जागा औषधवाल्याची.

वाळलाय म्हणाला? मी वाळलो नाही. फोटो दुपारचा आहे, म्हणून तसा दिसतो.

काका


१८ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

झालं! तुम्ही उजवीकडे, बाबा डावीकडे, नाव वर मधोमध.

बाबांनी खळखळ न करता डावी बाजू घेतली, म्हणाले, ‘तो उजवा, मी डावा, पहिल्यापासून तसंच आहे.’ मजकुराचा मात्र दोन दिवस घोळ चालला. त्यांनी स्वतःबद्दल एवढं लिहिलं की त्यांचं खोकं लांबलचक झालं आणि शेजारी तुमचं आखूड खोकं अधांतरी लोंबकळायला लागलं. कापायला गेले तर बाबा म्हणाले, त्याचं वाढव. तो स्वतःबद्दल सांगणार नाही, मी सांगतो, लिहून घे. आणि सांगितलं. ‘याच्या सांध्यात पाणी शिरत नाही. याच्या खुर्चीवर तीन पिढ्या बसल्या तरी ती कुरकुरत नाही, हा स्वतः मात्र रोज कुरकुरतो.’ शेवटचं वाक्य मी गाळलं. बाकीचं तुमच्या फोटोखाली आहे. वाचा.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद बिशीर्वाद काही नाही आज!

झेरॉक्सवाली धावत आली, काका, तुम्ही फोनवर दिसताय. मी चष्मा पुसून बघितलं. वर दुकानाचं नाव, ठीक. त्याखाली तो. दात काढून हसतोय. मी कुठे आहे विचारलं तर ती म्हणाली, बोटाने वर ढकला. ढकललं, तर त्याचा मजकूर. आणखी ढकललं, तर त्याच्या पायाशी मी! थोरला कोण, धाकटा कोण? कॉम्प्युटरवर शेजारी बसवलंस आणि फोनवर त्याला माझ्या डोक्यावर? ही म्हणते, आजकाल सगळी गिऱ्हाईकं फोनवरच बघतात. म्हणजे सगळ्या जगाने मला त्याच्या पायाशी बघितलं.

बापाने शिकवलं ना तुला हे? चोराच्या मनात चांदणं. म्हणूनच डावी बाजू मुकाट घेतली त्याने!

तो मजकूर मी वाचला. त्याचा इथे संबंध नाही.

दुरुस्त कर, नाहीतर काढून टाक.

काका


२७ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

बाबांचा यात काडीचा हात नाही. हा सगळा तुमच्या मानाच्या बाजूचा प्रताप आहे. रुंद पडद्यावर दोन फोटो शेजारी मावतात. फोन अरुंद. तिथे दोघं मावत नाहीत, मग डावीकडचा पहिला म्हणून वर राहतो आणि उजवीकडचा घसरून खाली जातो. तुम्ही डावी बाजू घेतली असती तर फोनवर तुम्ही वर असता. पण ती कमी मानाची.

बाबांना सांगितलं, तर पोट धरून हसले. माझ्या घरात त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आता म्हणतात, मी डावी बाजू सोडणार नाही, मेलो तरी.

काका, मी सगळे उपाय करून पाहिले. पडद्यावर उजवीकडेही राहायचं आणि फोनवर वरही यायचं, हे आमच्या शास्त्रात बसत नाही. दोन फोटो असले की अरुंद जागेत ते फुटणार, आणि फुटले की एक वर, एक खाली. त्यावर जगात एकच इलाज आहे. फोटोच एक हवा. त्यात दोघं एका बाकावर बसलेले. एक फोटो लहान होतो, पण फुटत नाही. कुठल्याही फोनवर उघडा, दोघं शेजारी ते शेजारीच.

आणि तो खरा एका जागी काढलेला हवा. दोन फोटो चिकटवले तर सांधा दिसतो, आणि सांधा दिसलेला तुम्हालाच चालणार नाही. म्हणजे कोणालातरी प्रवास करावा लागेल. तुम्ही इकडे आलात तर बाक आणावा लागेल, म्हणून मला वाटतं बाबांनीच तिकडे यावं. पुढे तुमची मर्जी. मार्च उद्या-परवावर आलाय.

भिंगरी


४ मार्च

भिंगरी,

शास्त्रापुढे माझं काय चालणार. फोटोसाठी येऊ दे. पण मी बोलावलं असं होता कामा नये. पानाला गरज आहे, असं सांग.

त्याची खोली झाडून घेतलीय. झाडायची होतीच.

काका


९ मार्च

तीर्थरूप काका,

बाबा आज सकाळच्या गाडीने निघाले. तुमचं पत्र यायच्या आधीपासून त्यांचं ‘नाही म्हणजे नाही’ चाललं होतं. पानाला गरज आहे म्हटल्यावर म्हणाले, ‘पानाचा तरी काय दोष.’ दोन दिवसांत परत येतो म्हणून सांगून गेलेत. दोन दिवसांसाठी एक शर्ट पुरला असता. त्यांनी कात्री, लांब दाभण आणि काथ्या उलगडायचा आकडा घेतला, आणि शर्ट घ्यायला विसरले. तो मी स्टॅंडवर नेऊन दिला.

गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, ‘त्याने पुन्हा बटणाचं काढलं तर?’ मी म्हटलं, तुम्ही बोलू नका. ते म्हणाले, ‘बोलणार नाही, पण ते मधोमधच होतं.’

काका, मला धाकधूक वाटते आहे. या खेपेला फिसकटलं तर ते पुन्हा तिकडे पाऊल टाकणार नाहीत, आणि तुम्ही जागा देऊन मोकळे व्हाल. माझ्या पानाचं काय व्हायचं ते होवो. तेवढं एक होऊ देऊ नका.

फोटो निघाला की लगेच पाठवा.

भिंगरी


२४ मार्च

चिरंजीव भिंगरी हिला काकाचे राहिलेले सगळे आशीर्वाद एकदम.

फोटोला उशीर झाला. कारण ऐक.

तो आला तेव्हा मी रंधा मारत होतो. म्हटलं, आलास? तो म्हणाला, पानाच्या कामासाठी आलोय. मी म्हटलं, माहीत आहे. मग तो दारातच उभा राहिला आणि मी तीच फळी पुन्हा रंधत बसलो. चांगली जाड फळी होती, पार पापड झाली.

फोटोसाठी मी नवा बाक करून ठेवला होता. त्याने त्यावर तळहात दाबला आणि म्हणाला, ‘या लाकडावर बसून फोटो काढला तर चेहरा रडका येईल. काथ्या कुठाय?’ मी म्हटलं, ठेवून गेलास तिथेच. ‘कापड?’ तिथेच. ‘सुया?’ सगळं तिथेच आहे, कोण हात लावणार? तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी बघायला गेलो नाही. बाहेर आला तेव्हा बाही गुंडाळलेली होती आणि बाकाची मापं घ्यायला लागला. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

गादीला आठवडा गेला. मग झेरॉक्सवाली फोटो काढायला आली. मी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला, मधे तिसरा आरामात झोपेल एवढी जागा. ती म्हणाली, सरका. मी म्हटलं, त्याला सांगा. तो म्हणाला, त्याला सांगा. तेवढ्यात मला त्याच्या गादीची एक शिवण जराशी ओढलेली दिसली. मी बोट ठेवलं. तो म्हणाला, शिवण सरळ आहे, तुझा बाक वर आलाय. मी सरकून दाखवायला गेलो, तो सरकून नाकारायला आला, आणि तिने फोटो काढला. दोघांची तोंडं वाकडी, बोटं गादीवर, खांद्याला खांदा. ती म्हणते यापेक्षा चांगला येणार नाही. मलाही तसंच वाटतं. तोच लाव.

औषधवाल्याला सांगितलं, जागा नाही. त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी बाक सांगितलाय, गादीचा.

आता एक गोष्ट, फक्त तुझ्यापाशी. उजवीकडे राहून फोनवर वर येता येत नाही, असं तू लिहिलं होतंस ना? तुझं पत्र आलं त्याच दिवशी झेरॉक्सवालीने वाचून सांगितलं, काका, हे एका ओळीचं काम आहे, पोर थापा मारतेय. मी तिला म्हटलं, तू मूग गिळून गप्प बस. खोटं बोलणं वाईट. पण बरं केलंस. त्याला कळू देऊ नकोस, त्याला वाटतंय पानाच्या शास्त्रामुळे आला.

तुझा काका


२५ मार्च

भिंगरी,

काका पत्र टाकायला गेलाय, तेवढ्यात लिहितो. मी एरवी लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

त्याची पत्रं तुझ्या ऑफिसात यायची हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. पाकिटातला भुसा तुझ्या पिशवीत सांडायचा आणि मी पिशवी झटकायचो. लाकूड कुठलं तेही कळायचं. एकाच जातीचा भुसा सारखा यायला लागला तेव्हा समजलो, नवं काही करत नाहीय, तेच तेच रंधत बसलाय.

आणि ते वर-खालीचं. मागे एका बेकरीचं पान केलंस, त्यात तू फोनवर पाव खाली आणि केक वर केला होतास, माझ्या डोळ्यांदेखत, चहा गार व्हायच्या आत. पडद्यावर कशालाच धक्का लागला नव्हता. मी तुझ्या मागे उभा होतो. म्हणजे शास्त्रात बसत होतं. पण मी कशाला बोलू? काकाला सांगू नकोस, त्याला शास्त्राचा फार धाक बसलाय.

दोन दिवस म्हणून निघालो होतो. इथे काम साठलंय. खुर्च्या नुसत्या सांगाड्यांच्या उभ्या आहेत, त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं. तुझ्याकडे मला काही कमी नव्हतं, हे आधी लिहायला हवं होतं. तू रोज संध्याकाळी येऊन विचारायचीस, आज काय उसवलंत? ते आठवतं. घर तुला मोठं वाटेल काही दिवस.

माझे उरलेले कपडे पाठव. कपाटाच्या खालच्या खणात स्वेटर आहेत, तेही पाठव.

बाबा


३१ मार्च

तीर्थरूप काका आणि बाबा,

दोघांना एकाच पाकिटात नमस्कार, म्हणजे वर कोण आणि खाली कोण हे ठरवायला नको. एकमेकांपासून लपवून लिहिलेली तुमची दोन्ही पत्रं सोबत परत पाठवते आहे. शेजारी बसून वाचा. आपल्या घरात मी एकटीच लबाड आहे असं मला वाटत होतं. तो गैरसमज दूर झाला.

पान पूर्ण झालं. फोटो मधोमध बसवला. आडवा बसला, उभा बसला, पडद्यावर बसला, फोनवर बसला. तुम्ही भांडताना बाकाच्या डाव्या टोकाला सरकला आहात, त्यामुळे फोटो मधोमध असूनही तुम्ही दोघं मधोमध नाही आहात. ते मी सरळ केलेलं नाही. करणारही नाही. फोटो लावला त्याच दिवशी तीन जणांनी गादीच्या खुर्च्या विचारल्यात, त्यांचे पत्ते मागच्या बाजूला लिहिलेत.

स्वेटरचं वाचलं तेव्हा ऊन मी म्हणत होतं. थंडीला सात-आठ महिने आहेत. मी खालच्या खणाशी बसले आणि मला रडू आलं. हेच व्हावं म्हणून एवढ्या थापा मारल्या, आणि ते झालं तेव्हा रडत बसले. बाबा, घर मोठं वाटतं. संध्याकाळी आल्यावर सगळ्या उशा सकाळी ठेवल्या तशाच असतात.

कपडे आजच्या गाडीने पाठवले आहेत. स्वेटर पाठवले, एक सोडून. निळा मी ठेवून घेतलाय. हवा असेल तर न्यायला या, आणि एकट्याने आलात तर देणार नाही.

तुमची भिंगरी